शब्द न् शब्द

विधिमंडळ समितीच्या खोलीत स्टेनोबाईंनी उभी हयात काढली होती. तिथला अलिखित रिवाज एकच: अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, की हात थांबवायचे. पुढचं बोलणं भिंतींनी ऐकायचं, कागदानं नाही.

निवृत्तीनंतर आज त्याच खोलीत, जनसुनावणीत, त्या पहिल्यांदाच माइकसमोर उभ्या होत्या. शाळांचं अनुदान बंद करून पालकांना दर मुलामागे फीचं व्हाउचर द्यायचा कायदा येत होता, आणि मूठभर मुलांच्या व्हाउचरांवर नातीची शाळा काही तगणार नव्हती.

"आई, नका ना जाऊ. मोठ्यांशी वाकडं कशाला घेता?" सुनेनं निघताना काकुळतीनं विचारलं होतं. आता त्या हातातला कागद पुन्हापुन्हा उलगडत होत्या.

"घाबरू नका आजी, मोकळेपणानं बोला," नवे अध्यक्ष हसून म्हणाले. "आमचा कारभार पारदर्शक आहे. तुमचा शब्द न् शब्द नोंदला जाईल."

बाईंना जरा धीर आला. त्यांनी पदरानं घाम टिपला आणि बोलायला तोंड उघडलं.



अध्यक्षांनी सावकाश चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि कोपऱ्यातल्या नव्या स्टेनोचे हात अलगद मांडीवर आले.