पाच बटणं

“बटणं स्वतःची स्वतः लावता येतात?” सरकारी कचेरीतून पाहणीला आलेल्या, मा आडनावाच्या साहेबांनी फॉर्मवरून मान न उचलता विचारलं. विचारलं आईला. बोराम समोरच चाकाच्या खुर्चीत बसली होती, चांगली एकोणतीस वर्षांची.

“येतात म्हणजे काय!” आईनं पर्सिमन फळाच्या फोडींची बशी त्यांच्यापुढे सरकवली. “सातव्या महिन्यात झाली ही, साहेब. वजन जेमतेम किलोभर. सेरेब्रल पाल्सी. डॉक्टर म्हणाले, जगली तर अंथरुणातच पडून राहील. आज बघा! दात घासते, केस विंचरते, बटणं लावते. घ्या ना, गोड आहेत.”

साहेबांनी ‘स्वतः करते’ या चौकटीत खूण केली. ही तिसरी.

बोरामच्या डोक्यात तिडीक गेली. सरकार तिला मदतनीस महिन्याला किती तास देणार, ते या खुणांवर ठरायचं होतं. तास मिळाले तर पुढच्या महिन्यात ती जोंजू शहरात खोली घेऊन एकटी राहणार होती. नाही मिळाले तर जन्मभर हेच घर आणि हीच आई. सकाळपासून तिनं आईला दहादा बजावलं होतं, आज माझं कौतुक करू नकोस. आईनं मान डोलावली होती. पण माझ्या लेकीला अमुक येत नाही, असं चारचौघांत म्हणणं या बाईला आजवर जमलं नव्हतं. की आज मुद्दामच जमवायचं नव्हतं? बोरामला ते कळेना, आणि कळेना म्हणून ती आणखी भडकली.

“मला विचारा,” ती म्हणाली. एकेक शब्द तिला ओढून काढावा लागायचा.

साहेबांनी आईकडे पाहिलं. “काय म्हणतेय, बोरामच्या आई?”

“मला! बटणं येतात मला. किती वेळ लागतो ते विचारा.”

“तसा रकाना नाहीये यात. येतं की नाही, एवढंच.”

“मग बघा.”

अंगातल्या स्वेटरला पाच बटणं होती, पाचही उघडी. उजवा हात भलतीकडेच जात होता. तिनं तो मांडीखाली दाबून धरला आणि डाव्या हातानं पहिलं बटण पकडलं. ते निसटलं. परत पकडलं. काजाच्या तोंडाशी जाऊन परत निसटलं. मानेवर घाम आला, तोंडातून लाळ गळली.

“आण इकडे,” आई पुढे झाली. “साहेबांना दुसरीकडे जायचंय.”

“हात लावलास तर बघ!”

आई तिथंच थांबली. हे सगळं तिनंही कधी पाहिलं नव्हतं. रोज त्या वेळी तिला स्वयंपाकघरात काम असायचं. शेवटचं बटण लागलं की टाळ्या वाजवायला तेवढी ती बाहेर यायची.

पहिलं लागलं. दुसऱ्याला त्याहून जास्त वेळ लागला. बार्लीचा चहा गार झाला, फोडी काळवंडल्या. साहेब आधी फॉर्मकडे बघत राहिले, मग खिडकीकडे, मग घड्याळाकडे. आईनं तोंडावर दोन्ही हात धरले होते, पण नजर वळवली नाही.

शेवटी साहेबांनी खूण खोडली. “‘मदत लागते’ लिहिलं मी,” ते उठत म्हणाले. “राहू द्या आता.”

“बसा,” बोराम म्हणाली. “अजून तीन आहेत.”