पपईचं बी

म्हातारीने राखाडी पूड चिमटीत धरली, हुंगली, जिभेच्या टोकाला लावली आणि मान हलवली. बाजाराच्या कोपऱ्यात झाडपाल्याची औषधं विकण्यात तिची हयात गेली होती. तिच्या जिभेला ओळखता येणार नाही अशी पूड अजून कुणी कुटली नव्हती.

"पपईचं बी आहे. सावलीत वाळवलेलं. कोण घेतं?"

"आमचे हे," घड्याळजीची बायको म्हणाली. "पोटासाठी. यंदा झाडाला फळच धरलं नाही आणि बाटली तर संपत आली. म्हटलं, मावशींकडे मिळतंय का बघू."

"जंत झालेत का? त्याला चार-सहा दिवस पुरतात."

"छे हो, रोज घेतात! सकाळी सातच्या ठोक्याला एक चमचा. नऊ वर्षांत एक दिवस खाडा नाही. घड्याळजीच ते!"

म्हातारीने डोळा बारीक केला आणि बोळक्या तोंडाने हसली. "मग पोटाचं नुसतं नाव हो! घरात पोरं पुरे झाली की पुरुषमाणसाला द्यायचं औषध हे. पुढे पाळणा हलायला नको म्हणून. माझी आजीसुद्धा द्यायची. तुम्हाला किती झाली?"

घड्याळजीच्या बायकोने बाटली उचलली आणि चालू लागली.

एकही नाही. बेचाळिसावं सरत आलं होतं. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, दोघांत काही दोष नाही, धीर धरा. तिने धरला. सासूबाई जिवंत असेपर्यंत येता-जाता घालूनपाडून बोलत, तेही गिळलं. दर महिन्याला ती न्हाणीघराचं दार लावून रडायची आणि बाहेर आली की हा माणूस तिचे डोळे पुसायचा. सकाळी चमचा आणि संध्याकाळी सांत्वन! मागच्या दारी पपई लावली ती त्यानेच. बिया वेचायचा, वाळवायचा, कुटायचा तोच. तिला हातसुद्धा लावू द्यायचा नाही. आता सगळं लख्ख कळत होतं आणि त्याची किळस येत होती. घर येईपर्यंत तिचं ठरलं होतं. आधी त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं, मग कपाटावरची बॅग काढायची.

तो पुढच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळावर वाकला होता. तिने बाटली टेबलावर आदळली. वाटीतले बारीक स्क्रू उडाले.

"बाजारातल्या मावशींना दाखवून आलेय. हे कशासाठी घेता? खरं सांगा. पोटासाठी म्हणू नका."

त्याने भिंग काढलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा तो खाली बघत राहिला. म्हणजे खरंच होतं तर. तिने वर कपाटाकडे पाहिलं.

"कळलं तुला?" तो म्हणाला. "पोटाचं काही नव्हतंच गं. आई तुला टाकून बोलायची, मला ऐकवायचं नाही. वाटायचं, डॉक्टर काही म्हणोत, कमी माझ्यातच असणार. कुणीतरी म्हणालं होतं, बी खाल्लं की बी वाढतं. पपईत बघ ना, एका फळात शेकड्यांनी बिया. म्हटलं, एखादी तरी रुजेल. चारचौघांत हसं नको म्हणून पोटाचं नाव केलं."

नऊ वर्षांचे शब्द तोंडाशी आले होते, त्यांतला एकही आता उपयोगाचा नव्हता. ती खुर्ची ओढून बसली.

तिचा राग निवळला असं त्याला वाटलं. त्याने बाटली उजेडाकडे धरून तळाची पूड बोटाने ठोकली आणि हळूच विचारलं, "म्हातारी काय म्हणाली? एक चमचा कमी पडत असेल. उद्यापासून दोन घेऊ का?"