अर्धं झाड

"बाबा, सफरचंदं काय तुमच्या होकाराची वाट बघत बसणार आहेत?" लेकीने शिडी शेवटच्या झाडाला टेकवली. "गळायला लागलीत. दुपारी गाडी येतेय."

बागवान पुढे झाला. शिडी धरून उभा राहिला. बाकीची बाग आठ दिवसांत उतरवून झाली होती. या झाडाकडे त्याने कुणाला फिरकू दिलं नव्हतं.

लेक तोडायला लागली. फळ तळव्यात घ्यायचं, वर उचलून जरासं फिरवायचं, की देठासकट हातात येतं. फळं मोठी होती, एका झुबक्यात एकच. ती सुपारीएवढी असताना तिच्या आईने विरळणी केली होती. थोरलं तेवढं ठेवायचं, बाकीची कात्रीने उडवायची.

"आईचा हात आहे हा," लेक म्हणाली. "नाहीतर तुमच्या ओळी. दयामाया करून तीन-तीन ठेवलीत, एकही धड पोसलं नाही."

"बोल, बोल. तीही हेच बोलायची."

शिडी पलीकडे सरकवून लेक पुन्हा वर चढली. झाडाची ही बाजू तशीच राहिली होती. झुबक्या-झुबक्यात पाच-पाच फळं, एकमेकांना रेटणारी, लिंबाएवढीच राहिलेली. दोन्ही बाजूंच्या मधे, एका डहाळीला कात्री लटकत होती. गंजलेली.

विरळणीच्या त्या दिवशी तो शेजारच्या ओळीत वाकून गवत काढत होता. "चहा टाकते, आलेच," बायको म्हणाली होती. त्याने मान वर न करता "हं" म्हटलं होतं. ती ओट्यापाशी पडलेली सापडली, तेव्हा पातेल्यातलं पाणी आटून गेलं होतं. ते तीन शब्द आणि तो हुंकार त्याने आजवर कुणाला सांगितला नव्हता.

लेकीने कात्री काढून त्याच्या हातात दिली. मग कात्रीला चिकटून वाढलेलं फळ तोडून दिलं. फळ लालभडक होतं. फक्त जिथे ऊन पोचलं नव्हतं तिथे हिरवट खूण उरली होती: एक वाटोळं कडं आणि दोन पाती, किंचित उघडी.

"डागी म्हणून बाजूला काढतील हे," ती हळूच म्हणाली. "रसाच्या क्रेटमध्ये टाकू?"

त्याने अंगठ्याने खूण पुसून पाहिली. मग पुन्हा पुसली.

लेक शिडीवरून उतरली. "बसा जरा, बाबा. चेहरा बघा कसा झालाय. चहा टाकते, आलेच."

ती चार पावलं पुढे गेली.

त्याने मान वर केली.

"थांब," तो म्हणाला. कात्री खाली पडली. फळ हातात तसंच धरून तो शिडीला अडखळत तिच्यामागे निघाला. "थांब, मीपण येतो."