बारा जणांचे पाय

येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून फादर दरवर्षी चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुवायचे. गेल्या वर्षी गवंडीकाकांच्या सिमेंट भरलेल्या, भेगाळलेल्या टाचा पाहून त्यांनी नाक मुरडलं होतं. यंदा त्यांनी काकांना गोड बोलून गाळलं, "तुम्ही दमता हो काका, आराम करा." बाकीच्यांना मात्र बजावलं, "पाय स्वच्छ धुऊन या!"

आज बाराही जणांच्या पायांना साबणाचा वास येत होता. नम्रतेवर फादर असे काही बोलले की लोकांचे डोळे पाणावले. मग त्यांनी वाकून एकेकाचे पाय धुतले. परातीतलं पाणी शेवटपर्यंत गढूळ झालं नाही.

शेवटच्या आजींचे पाय पुसताना त्यांनी कौतुकाने विचारलं, "आजी, एवढे चकचकीत पाय! या वयात वाकता येतं तुम्हाला?"

"कुठलं वाकता येतंय, फादर! मागच्या नळावर गवंडीकाकांनीच आम्हा सगळ्यांचे पाय घासून दिले."

फादरांचा हात टॉवेलवरच थांबला. मान काही वर करवेना.

 

"काका म्हणाले, फादरांना परत किळस यायला नको."