घरचा पुरावा

जुन्या बाईंनी नातीला हाताला धरून आत आणलं आणि मुख्याध्यापिकांच्या टेबलासमोर उभं केलं. पहिलीचं पुस्तक उघडून तिच्या हातात दिलं. "वाच बाळा. घाबरू नकोस."

नातीने ओळीखाली बोट ठेवलं. "मां... मांज... र," ती म्हणाली आणि थांबली. पुढच्या शब्दाला तिने आधी 'द' म्हटलं, मग 'दू' म्हटलं, मग खिडकीबाहेर बघितलं. खोलीतल्या तिघी मोठ्या बायका वाट बघत राहिल्या. मांजर काही दुधापर्यंत पोचलं नाही.

"बघितलंत?" जुन्या बाई म्हणाल्या. "वर्ष संपत आलं. ही यांच्या वर्गाची प्रगती. आणि मी परक्याचं मूल आणलेलं नाही, माझी सख्खी नात आहे."

'यांच्या' म्हणजे नव्या बाईंच्या. त्या दाराजवळ उभ्या होत्या, बोटांना खडू तसाच. पुढच्या वर्षी मुलं कमी, म्हणून पहिलीच्या दोन तुकड्यांची एकच होणार होती. दोघींपैकी एकीला पहिली मिळणार आणि दुसरीची रवानगी चौथीत. जुन्या बाईंची सगळी नोकरी पहिलीत गेली होती. अर्ध्या गावाने 'क' काढायला त्यांच्याकडून शिकून घेतलं होतं. बँकेतला साहेब आणि त्या साहेबाला टोपी घालून पळालेला, दोघेही त्यांचेच विद्यार्थी. आता निवृत्तीच्या तोंडावर चौथीत जाऊन भागाकार शिकवायचे, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती.

पण खरं दुखणं त्याहून जुनं होतं. नव्या बाई आल्या त्या बाराखडी बाजूला ठेवूनच. मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्या, निरनिराळे आवाज काढायच्या. मुलांनी सांगितलेलं वाक्य फळ्यावर लिहायच्या आणि तेच त्यांच्याकडून वाचून घ्यायच्या. पहिल्याच महिन्यात फळ्यावर 'आमच्या कुत्रीला पिल्लं झाली'! काना-मात्रेच्या आधी कुत्री! जुन्या बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. वर पालक म्हणू लागले, आमचं मूल त्याच तुकडीत घाला. आपल्या घरचं मूल आपल्या वर्गात घ्यायचं नाही हा शाळेचा नियम, त्यामुळे नातही तिकडेच गेली. सुरुवातीला घरी आली की तिच्या तोंडी 'आमच्या बाई' याशिवाय दुसरं काही नसे. जिने गावाला वाचायला शिकवलं तिच्याच स्वयंपाकघरात दुसरीचं कौतुक. जुन्या बाईंना हेवा वाटत होता. साधा, सरळ, लख्ख हेवा, आणि तो कूस बदलली तरी जात नव्हता.

मग नातीचं वाचन एकाएकी अडलं. संध्याकाळी आजीपुढे पुस्तक घेऊन बसली की साधा शब्द सुटेना. जुन्या बाईंना वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलंही, पण त्याआधी मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या.

मुख्याध्यापिका नव्या बाईंकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं आहे?"

नव्या बाईंनी मुलीकडे बघितलं. मुलगी पुस्तकात डोकं घालून उभी होती. "येईल तिला," त्या म्हणाल्या. "बाकी काही नाही."

"मग पहिली तुमच्याकडेच राहू द्या, बाई," मुख्याध्यापिका जुन्या बाईंना म्हणाल्या आणि त्यांच्यासाठी चहा मागवला. नव्या बाई मुलीला घेऊन बाहेर गेल्या. त्या चहात साखर घालायची राहिली होती, हे जुन्या बाईंच्या लक्षातही आलं नाही.

चहा पिऊन त्या नातीला घ्यायला निघाल्या, तर समोरून, नव्या बाईंच्या वर्गातून वाचनाचा आवाज आला. कुणीतरी मूल गोष्ट वाचत होतं. कुठे अडणं नाही, कुठे घाई नाही. कोंबडीला चिरका आवाज, बैलाला घोगरा. 'म्हणजे आता या वयात मी पोहायला शिकू?' कोंबडी बैलाला विचारत होती. जुन्या बाई जागच्या जागी थांबल्या. असं वाचणारी मुलं त्यांच्या अख्ख्या नोकरीत मोजकीच. पहिली मिळाली तरी असं मूल हिच्याच पदरात! कुणाचं कार्टं आहे ते बघू तरी, म्हणून त्यांनी दारातून डोकावलं.

नव्या बाई भिंतीवरची चित्रं उतरवत होत्या. त्यांच्या खुर्चीत, मांडीवर जाड पुस्तक घेऊन, पाय हलवत जुन्या बाईंची नात बसली होती.

आजीला बघताच तिने पुस्तक मिटलं. संध्याकाळी 'घर' या शब्दाला अडणारी ही पोर मधेच 'उंबरठ्यावर' एका दमात म्हणून जायची. काल नोकरीला लागलेल्या बाईलाही ते खटकलं असतं. जुन्या बाईंना ते आत्ता आठवलं.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी नव्या बाईंना विचारलं. "मग तिथे का नाही बोललात?"

"तिने नका सांगू म्हटलं होतं."

"का गं?" जुन्या बाई नातीसमोर खाली बसल्या. "मी कधी रागावले तुला?"

"रागवत नाहीस," नात म्हणाली. "पण बाईंनी शिकवलेलं वाचून दाखवलं ना, की तू मला जेवायला वाढतेस आणि माझ्याकडे बघतच नाहीस."