पोस्टरवरची हनुवटी

फोन ठेवल्यावर भिंगरी स्वयंपाकघरात गेली, तिथून गॅलरीत, गॅलरीतून परत स्वयंपाकघरात. एका जागी बसणं तिला कधीच जमलं नव्हतं, म्हणून तर घरात हे नाव पडलं होतं. पण आजचं फिरणं वेगळं होतं.

"माझी निवड झाली," ती ओट्याला म्हणाली, कारण आई अजून कामावरून यायची होती.

बाजारात यायच्या एका नव्या फेसवॉशच्या पोस्टरसाठी शाळकरी मुली हव्या होत्या. मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तिने फोटो पाठवला होता. तोही वर्गाच्या खिडकीत काढलेला, भर उन्हात, गालांवर आणि हनुवटीवर मुरमांचं संमेलन भरलेलं. शेकडो फोटोंमधून नेमका तोच निवडला गेला. फोटो काढायचे होते परीक्षा संपल्यावर. मी काय तयारी करू, असं तिने विचारलं तेव्हा एजन्सीतल्या बाई अगदी मायेने म्हणाल्या होत्या, "काही म्हणजे काही करू नकोस. जशी आहेस तशीच ये."

संध्याकाळी ते ऐकून आईला भरून आलं. आपल्या लेकीचे डोळे कुणाला तरी दिसले एकदाचे, असं ती म्हणाली. ताईचं मत वेगळं होतं. लोक चांगुलपणाने असं म्हणतातच, पाहुणेही 'आमच्यासाठी काही करू नका' म्हणतात आणि मग चार पदार्थ हाणतात, हे तिने समजावून सांगितलं.

भिंगरीला ताईचं पटलं. पोस्टर शाळेसमोरच्या दुकानातही लागणार होतं. वर्गात तिला 'खडीचा रस्ता' म्हणणाऱ्या सगळ्यांना रोज त्याच्यासमोरून जावं लागणार होतं. त्या पोस्टरवर खडी असून चालणार नव्हती.

म्हणून तिने एकाच दुपारी लिंबू चोळलं, टूथपेस्ट थापली आणि वर ताईच्या डबीतला खरखरीत स्क्रब घासला. संध्याकाळपर्यंत चेहऱ्याचा उकडलेला टोमॅटो झाला. आईने तिला उचललं आणि थेट मावशीच्या औषधांच्या दुकानात नेऊन उभं केलं.

मावशीने काउंटरवरचा दिवा तिच्या तोंडाकडे वळवला.

"हे कुणी केलं?"

"मी."

"शत्रूही एवढं मनापासून करत नाही गं."

मग मावशीने नियम सांगितले. सकाळ-संध्याकाळ साध्या, बिनवासाच्या फेसवॉशने तोंड धुवायचं. घासायचं नाही, टॉवेलने नुसतं टिपायचं. त्यावर तेल नसलेलं हलकं मॉइश्चरायझर, बाहेर पडताना सनस्क्रीन. झोपताना मुरमांवर मावशीने दिलेलं मलम, तेसुद्धा वाटाण्याएवढंच, कारण जास्त लावलं म्हणून जास्त लवकर बरं होत नाही. उशीचा अभ्रा बदलत राहायचा. आणि काही झालं तरी फोडायचं नाही, हात म्हणून लावायचा नाही. फरक दिसायला दीड-दोन महिने लागतील, तोवर आरशाला छळू नकोस, असंही तिने बजावलं.

तोंड धुणं सोपं होतं. थांबणं भिंगरीच्या स्वभावातच नव्हतं.

ती चमच्यात चेहरा बघायची, बसच्या काचेत बघायची, मोबाईलच्या काळ्या पडद्यात बघायची. काहीच हलत नव्हतं. मावशीला फोन करून करून तिने इतकं भंडावलं की मावशी म्हणाली, रोप लावलंयस ना, मग रोज उपटून मुळं काय तपासतेस. गणिताच्या पेपरच्या आधी नाकाच्या शेंड्यावर एक भलामोठा फोड उगवला आणि बोटं आपोआप तिकडे जायला लागली. तेव्हा भिंगरीने दोन्ही हातांत मोजे चढवले आणि तशीच अभ्यासाला बसली. ताई पोट धरून हसली, पण मग शेजारी बसून पानं उलटत राहिली.

आणि मग, ती बघायचं विसरली होती अशाच एका सकाळी, हनुवटी सापडली. हळूहळू गालही सापडले. वर्गात उत्तर द्यायला ती उठली तेव्हा हात तोंडावर गेलाच नाही, हे तिला खाली बसल्यावर कळलं.

फोटोच्या दिवशी ती आईला जवळजवळ ओढतच स्टुडिओत घेऊन गेली. चेहरा स्वच्छ होता. फिकट डाग शोधून काढायला भिंग लागलं असतं.

एजन्सीतल्या बाईंनी तिच्याकडे बघितलं. हातातल्या फोटोकडे बघितलं. परत तिच्याकडे बघितलं आणि फोटोग्राफरला बोलावलं. तो आला आणि कपाळावर हात मारून मागच्या मागे गेला.

"हे काय करून बसलीस गं?" बाई म्हणाल्या. "आम्हाला दोन मुली हव्या होत्या. एक फेसवॉश लावायच्या आधीची, एक नंतरची. तू आधीची होतीस."

भिंगरी जन्मात पहिल्यांदा एका जागी उभी राहिली. आईने तिचा दंड धरला.

"मग मला नंतरची करा," ती कशीबशी म्हणाली.

बाईंनी मान हलवली. नंतरची मुलगी कधीच ठरली होती. मुळातच नितळ चेहऱ्याची. आणि जाहिरात खोटी आहे असं उद्या कुणी म्हणायला नको, म्हणून कंपनीने तिच्या घरी फेसवॉशच्या बाटल्याही पाठवल्या होत्या. तिची काळजी नव्हती. पण आता ऐन वेळी आधीची कुठून आणायची, हे बाईंना सुचत नव्हतं. त्यांनी आईला, वाईट वाटतंय हो, असं म्हटलं आणि दरवाजाकडे हात केला.

तेवढ्यात दरवाजा बाहेरूनच उघडला. डोळ्यांपर्यंत ओढणी गुंडाळलेली एक मुलगी आत आली. मागे तिची आई, रागाने लालबुंद. मुलीने सगळ्यांकडे एकेकदा बघितलं आणि ओढणी खाली ओढली. कपाळ, गाल, हनुवटी, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

"रोज दोनदा लावला," ती बाईंना म्हणाली. "तुमचाच."