एकतीस गुण

"एकतीस! छत्तिसातले एकतीस गुण जुळले!"

भवानी पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत शिरताना आप्पांना चपला काढायचंही भान नव्हतं. हातात पेढ्यांचा पुडा. आजवर बारा मुलींकडून पत्रिका परत आली होती. पोराला, अभिमन्यूला, कडक मंगळ, दुसरं काय! या खेपेला आप्पांनी पेटीतून दवाखान्याचा जुना कागद शोधला आणि त्यावरची जन्मवेळ स्वतः जाऊन गुरुजींना सांगितली.

"मंगळ न्हायच की रं तुला! येळच चुकीची दिली व्हती कुणीतरी. वैरागची पोरगी हाय. रविवारी बघायला जायचं!"

त्यांच्या बायकोच्या, वैजयंतीबाईंच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली.

आत्ता नाही तर कधीच नाही, असं अभिमन्यूला वाटलं. भीती एकच होती. आप्पा रागावले की ओरडत नाहीत, बोलणं बंद करतात. सख्ख्या भावाशी नऊ वर्षं बोलले नव्हते. तरी तो एका दमात बोलला.

"आप्पा, मला पोरगी नको. कुठलीच नको. मला अमरेश आवडतो. त्याच्यासंगं संसार करायचाय."

"अमरेश? माझा चष्मा नीट करून आणतो, त्यो?"

"तोच. चार वर्षं झाली."

आप्पा मटकन खाली बसले. "ऐकलंस का गं?"

"मला ठाव हाय," वैजयंतीबाई म्हणाल्या. "अमरेशला डेंगू झाला तवा ह्यो त्येचा हात धरून रडत व्हता. मी दवाखान्यात डबा घेऊन गेलते, दारातनंच माघारी फिरले. तवापासनं जन्माची येळ मीच चुकीची देतीय. दोन तास पुढं. मंगळ मीच घातला."

अभिमन्यू बघतच राहिला. चार वर्षं तो घरात शब्द तोलून बोलत होता, आणि आई गुपचूप ग्रह हलवत होती! त्याला हसूही येत होतं आणि रडूही.

"आन् मला?" आप्पांचा आवाज फाटला. "दोघांनीबी सांगितलं न्हाय. मी काय शेजारचा हाय व्हय?"

तेवढ्यात आप्पांचा फोन वाजला. वैरागचे पाहुणे. पलीकडचा माणूस आनंदानं इतका मोठ्यानं बोलत होता की घरभर ऐकू येत होतं. रविवारी किती जण येताय, जेवायलाच या!

आप्पांनी घसा साफ केला. "येत न्हाय पाव्हणं, माफ करा. पोरगी सोन्यासारखी हाय तुमची. पर आमच्या पोराचं ठरलंय."

"ठरलं? कवा?"

"मलाबी आत्ताच कळलं."

"कुणाची पोरगी?"

आप्पांनी अभिमन्यूकडे पाहिलं. त्यानं हळूच होकाराची मान हलवली.

"पोरगी न्हाय," आप्पा म्हणाले. "पोरगा हाय. अमरेश नाव त्येचं."

पलीकडचा आवाज बंद झाला. आप्पांच्या कपाळावर घाम होता, पण फोन कानाला तसाच होता.

"ऐकू आलं न्हवं, पाव्हणं? परत सांगतो."